बॅनचं कारण सांगणारा स्टाफ : एका माइनक्राफ्ट सर्व्हरचा रिव्ह्यू

सर्व्हरचं नाव देत नाहीये, कारण खाली जे वाईट लिहिलंय ते ज्यांच्यामुळे झालं त्यातले बरेच जण आता स्टाफमधे नाहीत आणि जे राहिलेत त्यांनीच पुढे कारभार सुधारलाय, मग नावाला कशाला डाग लावायचा. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगात खणायच्या-बांधायच्या गेमचा सर्व्हायव्हल सर्व्हर आहे, म्हणजे अनेक जण एकत्र खेळतात ते ऑनलाइन जग, जावा एडिशन, लँड क्लेम (आपली जागा राखून ठेवणं) आणि इकॉनॉमीवाला (गेममधल्या पैशांचे व्यवहार), आणि गप्पा, तक्रारी, घोषणा सगळं डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर चालतं (तिथल्या ग्रुपलाही सर्व्हरच म्हणतात). मी तिथे बरीच वर्षं खेळतेय, त्यामुळे जुना कारभारही बघितलाय आणि आत्ताचाही.

नवीन सर्व्हर शोधताना लोक विचारतात टीपीएस (सर्व्हरचा वेग) किती, पिंग (कनेक्शनला लागणारा वेळ) किती, पे टू विन (पैसे देऊन पुढे जाता येणं) आहे का, मॅप कधी रिसेट होणार. स्टाफ कसा आहे हे कोणी विचारतच नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही तिथे वर्षभर टिकणार की दोन आठवड्यात सोडून जाणार ते बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. म्हणून हा रिव्ह्यू फक्त स्टाफचा, मॉडरेशनचा, आणि ते लोक खेळाडूंशी आणि आपापसात कसं बोलतात त्याचा. स्पॉन (खेळ सुरू होतो ती जागा) किती सुंदर आहे वगैरे इथे नाही.

आधी जुनं. नियम तेव्हाही कडक होते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, शिवीगाळ, चीटिंग, दुसऱ्याचं घर फोडणं यावर कडकच असायला हवं. त्रास हा होता की कोणी कोणाला काही सांगायचंच नाही. एखादा माणूस काल होता, आज नाही. का गेला? माहीत नाही. विचारलं की "स्टाफचा निर्णय आहे, यावर चर्चा नको" आणि जास्त विचारलं तर विचारणाऱ्यालाच म्यूट, म्हणजे बोलणंच बंद.

यात थोडा दोष डिस्कॉर्डच्या रचनेचाही आहे हे सांगायला हवं. डिस्कॉर्डमधे तुम्ही कोणाला बॅन केलं तर त्या माणसाला डिस्कॉर्डकडून काहीच कळवलं जात नाही, त्याच्या यादीतून सर्व्हर गायब होतो, संपलं. बॅन करताना कारण लिहायची जागा असते पण ते कारण जातं ऑडिट लॉगमधे (स्टाफने काय केलं त्याची नोंद) आणि तो फक्त स्टाफला दिसतो. टाइमआउट (ठरावीक वेळ बोलायला बंदी) दिला, जो जास्तीत जास्त २८ दिवसांचा देता येतो, तर किती वेळ उरलाय ते त्या माणसाला दिसतं पण कशासाठी दिलाय ते नाही. म्हणजे तुम्ही मुद्दाम वेगळी सोय केली नाही तर गप्प राहणं हीच पद्धत होऊन बसते, आणि बहुतेक सर्व्हरवर तेच झालेलं असतं. गेममधे बॅन स्क्रीनवर निदान एक ओळ दिसते, पण आमच्याकडे त्या ओळीत एकच शब्द असायचा.

माझ्या एका मित्राच्या बाबतीत तो शब्द होता "एक्सरे". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सरे म्हणजे दगडाच्या आरपार खनिजं दाखवणारा टेक्सचर पॅक किंवा मॉड (गेममधे बदल करणारी फाइल) वापरणं, आणि त्याला कायमचा बॅन असतो. आता गंमत बघा, नोव्हेंबर २०२१ मधे माइनक्राफ्टची १.१८ आवृत्ती आल्यापासून हिरे सगळ्यात जास्त तळाशी मिळतात, त्यामुळे जो तो वाय -५९ या खोलीच्या आसपास सरळ बोगदा खणत बसतो. जो मन लावून तासन्‌तास तेच करतो त्याच्याकडे हिरे जमणारच, आणि तेवढे जमले की प्लगिन (सर्व्हरवर बसवलेला जोड-प्रोग्रॅम) स्टाफला अलर्ट देतं. अलर्ट आला, बॅन झाला. त्याने डिस्कॉर्डवर तिकीट (स्टाफकडे लेखी तक्रार) टाकलं की पुरावा दाखवा, त्यावर उत्तर "टीमने बघितलंय, बॅन योग्य आहे" आणि तिकीट क्लोज. परत टाकलं तर तिकीट उघडायची परवानगीच काढून घेतली.

खरं तर एक्सरे तपासायचा एक अगदी साधा प्रकार आहे, बोगद्यात जाऊन बघायचं. एक्सरेवाल्याचा बोगदा मधेच वळतो, आणि वळतो ते थेट दगडात पूर्ण लपलेल्या हिऱ्याकडे, तो घेतला की पुढच्या हिऱ्याकडे. सरळ खणणाऱ्याचा बोगदा सरळच जातो आणि त्याच्या भिंतीच्या दोन ब्लॉक आत हिरे तसेच राहिलेले असतात, कारण त्याला ते दिसलेलेच नसतात. हे कोणीही स्पेक्टेटर मोडमधे (ज्यात भिंतीतून आरपार फिरता येतं) जाऊन पाच मिनिटात बघू शकतं. कोणी बघितलं नव्हतं. पुढे स्टाफ बदलल्यावर जुनी अपीलं परत काढली गेली तेव्हा एक मॉड, म्हणजे मॉडरेटर, तिथे गेली आणि तिला भिंतीमागे राहिलेले हिरे सापडले, एक नाही, सबंध बोगद्याच्या कडेला. बॅन निघाला आणि तो चुकीचा होता हे घोषणांच्या चॅनेलमधे सगळ्यांसमोर लिहिलं गेलं. मित्र परत आला पण आधीसारखा रमला नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही. तोपर्यंत जनरल चॅटमधे त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं होतं, तो ड्यूप करायचा (बग वापरून सामान दुप्पट करणं), तो मॉडशी भांडला, त्याने अकाउंट विकलं. स्टाफने कारण सांगितलं नाही की लोक आपापलं कारण तयार करतात, आणि ते नेहमी खऱ्यापेक्षा वाईटच असतं.

बाहेरच्या लोकांशी बोलत नव्हते ते सोडा, स्टाफ एकमेकांशीही बोलत नव्हता. एकच शिवी, एका मॉडने वॉर्निंग दिली, दुसऱ्याने त्याच संध्याकाळी दुसऱ्या कोणालातरी त्याच शिवीवरून आठवड्याचा बॅन. रात्रीच्या मॉडने जे मिटवलं ते सकाळच्या मॉडने परत उकरलं कारण त्याला सांगितलेलंच नव्हतं. निर्णय व्हॉइस चॅटमधे व्हायचे आणि कुठेही लिहून ठेवायचे नाहीत. त्यात डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग फक्त ४५ दिवसांचा असतो, आणि मॉडने कोणाचा मेसेज डिलीट केला तर कोणी कोणाचा केला एवढं दिसतं, मेसेजमधे काय होतं ते दिसत नाही. माणसाने स्वतःचाच मेसेज डिलीट केला तर नोंदच होत नाही. त्यामुळे दोन महिन्यांनी अपील आलं की कोणाकडेच काही नसायचं, मग "आम्हाला आठवतंय तू काय बोलला होतास" यावर निकाल. आठवणीवर कोणाचं अकाउंट कायमचं बंद करणं हे मला आजही पटत नाही.

मग मालकाने एकदा भलीमोठी पोस्ट टाकली की हे बदलणार, हे असं असेल. असल्या पोस्टी सगळ्याच सर्व्हरवर येतात आणि नंतर घोंगडं भिजत पडतं, त्यामुळे कोणीच फार मनावर घेतलं नाही. पण इथे खरंच झालं, म्हणून तर लिहितेय.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे आता शिक्षा झालेल्याला मेसेज जातो आणि तो माणसाने लिहिलेला असतो. मला एकाने स्वतःचा दाखवला, परवानगी घेऊन थोडक्यात देते: "नियम ३, दुसऱ्या खेळाडूला सतत त्रास देणं. तुझे हे चार मेसेज खाली जोडलेत. पहिल्या दोननंतर तुला थांबायला सांगितलं होतं. तीन दिवस म्यूट. हे चुकीचं वाटत असेल तर अपील इथे कर, ते मी बघणार नाही, दुसरं कोणीतरी बघेल." बस एवढंच. यात एकही जड शब्द नाही, धमकी नाही, आणि त्या माणसाला कळतं की आपण नक्की काय केलं. तो वैतागला होता, पण "माझेच मेसेज आहेत, काय बोलणार" असं म्हणून तीन दिवस गप बसला आणि परत खेळायला लागला.

एक तांत्रिक गोष्ट इथे त्यांनी बरोबर पकडलीये जी बरेच सर्व्हर चुकतात. बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) बॅनचा मेसेज पाठवायचा असेल तर तो बॅन करायच्या आधी पाठवावा लागतो, कारण बॅन झाल्यावर बॉट आणि तो माणूस यांच्यात एकही सर्व्हर सामायिक उरला नाही तर मेसेज जातच नाही. आणि ज्याने डीएम (खाजगी मेसेज) बंद ठेवलेत त्याला तसाही मिळत नाही, म्हणून तेच कारण आणि अपीलचा पत्ता गेमच्या बॅन स्क्रीनवरही टाकतात. छोटी गोष्ट आहे पण यावरून कळतं की कोणीतरी बसून विचार केलाय.

कारण सांगण्याचा उपयोग होतो हे नुसतं माझं मत नाहीये. रेडिटवरच्या ३ कोटी २० लाख पोस्टींवर २०१९ मधे एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात असं दिसलं की पोस्ट काढताना कारण दिलं तर त्या माणसाची पुढची पोस्ट काढावी लागायची शक्यता कमी होते. गेमिंगमधे लीग ऑफ लेजंड्स या गेमने २०११ मधे ट्रिब्युनल आणलं होतं, त्यात खेळाडूच चॅट लॉग वाचून शिक्षा की माफी यावर मत द्यायचे, आणि शिक्षा झालेल्याला रिफॉर्म कार्ड मिळायचं ज्यात त्याचं स्वतःचंच बोलणं त्याच्यासमोर ठेवलेलं असायचं. ट्रिब्युनल पुढे बंद झालं, पण माणसाला त्याचंच बोलणं दाखवायची ती कल्पना मला अजून सगळ्यात चांगली वाटते.

अपील वेगळ्या माणसाने बघायचं हा दुसरा बदल, आणि तो खरंच पाळतात. आधी ज्याने बॅन केला तोच अपील वाचायचा, मग तो स्वतःला कशाला चूक म्हणेल. आता तिकीट कोणी घेतलंय ते वर दिसतं, आणि क्लोज करताना का क्लोज केलं ते लिहावंच लागतं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते कारण त्यात मला हवं ते मिळालं नाही आणि तरीही मी त्यांना चांगलंच म्हणतेय. मी काही काळ खेळत नव्हते, परत आले तर स्टोरेज रूममधल्या शुल्करच्या पेट्या रिकाम्या. सर्व्हरवर कोअरप्रोटेक्ट आहे, म्हणजे कोणी कुठला ब्लॉक फोडला, कुठल्या पेटीतून काय काढलं ते सगळं नोंदलं जातं आणि मॉडला हवं तर तेवढाच भाग मागे नेता येतो. आधीचा अनुभव असा की तिकीट टाकायचं, "बघतो" असं उत्तर यायचं आणि मग आपणच विसरून जायचं. यावेळी मॉड त्याच दिवशी माझ्या बेसवर आली, इन्स्पेक्ट चालू करून एकेक पेटी माझ्यासमोर तपासली आणि मला सांगितलं, "लॉग आम्ही ठरावीक दिवसांचाच ठेवतो, नाहीतर डेटाबेस फार फुगतो. तुझ्या पेट्यांमधला बदल त्याच्या आधीचा आहे, त्यामुळे कोणी केलं ते मला दिसत नाही. अंदाजाने मी कोणाचं नाव घेणार नाही आणि सामानही परत देता येणार नाही, कारण काय होतं याची नोंदच नाही." मला वाईट वाटलं, त्यात एलिट्रा होती, बीकन होते, दोन्ही मिळवायला अवघड. पण उत्तर सरळ होतं, आणि माझ्या शेजाऱ्यावर मला असलेला संशय तिने जराही वाढवला नाही, हे फार महत्त्वाचं. नंतर लॉग किती दिवस ठेवतात हे नियमांच्या चॅनेलमधे वरच लिहिलं गेलं, जे आधीपासून असायला हवं होतं. निदान आता लांब सुट्टीवर जाणाऱ्याला कळतं की सामान एंडर चेस्टमधे, जिथे ते फक्त ज्याचं त्यालाच दिसतं, टाकून जावं.

घोषणांबद्दलही बोलायला हवं कारण खेळाडूंचा जास्तीत जास्त संताप तिथूनच निघतो. पूर्वी एका रात्रीत हॉपरवर (सामान आपोआप हलवणारा ब्लॉक) मर्यादा आली होती, कोणाला काही न सांगता, लोक सकाळी आले तर आयटम सॉर्टर बंद पडलेले, फार्म ओसंडून वाहतायत, आणि स्टाफ म्हणतोय लॅग होत होता. आता लॅग होत असेलही! सर्व्हर नीट चालत असला की सेकंदाला २० टिक (गेमचे ठोके) होतात, म्हणजे प्रत्येक टिकला ५० मिलिसेकंद, आणि हॉपर तेवढ्यात बरंच काही खातात हे कोणीही मान्य करेल. पण ते दाखवा ना. यावेळी गेममधल्या गावकऱ्यांच्या (ज्यांच्याशी खेळाडू व्यापार करतात) संख्येवर मर्यादा आणायची होती तर त्यांनी स्पार्क या सर्व्हरचा वेळ मोजणाऱ्या प्लगिनचा रिपोर्टच टाकला, कशावर किती वेळ जातोय ते सगळ्यांना दिसलं, कधीपासून लागू होणार ती तारीख दिली, आणि ज्यांचे मोठे ट्रेडिंग हॉल आहेत त्यांना आधी बोलावून विचारलं. एका खेळाडूने तिथेच सुचवलं की सरसकट मर्यादा घालण्यापेक्षा प्रत्येक चंकला (जगाचा ठरावीक तुकडा) घाला, आणि ते मान्य झालं. चिडणारे तरीही चिडले, पण कोणी सर्व्हर सोडून गेल्याचं मला तरी आठवत नाही. सगळ्यांना पिंग करायची (नोटिफिकेशन पाठवायची) सवयही त्यांनी कमी केलीये, ज्याला अपडेट हवेत त्याने रोल (त्यासाठीचा टॅग) घ्यायचा, ही मोठी सोय.

स्टाफच्या आतलं मला थेट दिसत नाही, पण त्यांनी काय सुरू केलंय ते त्यांनीच सांगितलं. शिक्षांचा एक तक्ता आहे, पहिल्या वेळी काय, दुसऱ्या वेळी काय, आणि त्याच्या बाहेर जायचं असेल तर दोघांची संमती लागते. ड्यूटी संपवताना काय चालू आहे ते लिहून ठेवायचं. डिलीट झालेले मेसेज नोंदवणारा वेगळा बॉट लावलाय, आणि ते खेळाडूंना स्पष्ट सांगितलंय, लपवून नाही. याचा परिणाम बाहेरून कळतो, कोणालाही विचारा, उत्तर सारखंच येतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी, आणि त्या आहेत.

ऑटोमॉड. डिस्कॉर्डने २०२२ मधे आणलेली ही सोय चांगली आहे, शब्दांची यादी द्या, तो मेसेज पोस्ट व्हायच्या आधीच अडवतो, आणि अडवलेल्याला आपल्या शब्दात एक सूचनाही दाखवता येते. पण स्टाफने यादीत शब्दांच्या आजूबाजूला स्टार (*) लावून ठेवलेत, म्हणजे तो शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या पोटात आला तरी अडतो, आणि निरपराध मेसेज अडकतात. ही फार जुनी चूक आहे, १९९६ मधे एओएल या इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना अकाउंटच उघडू दिलं नव्हतं, का तर गावाच्या नावातली मधली चार अक्षरं म्हणजे शिवी. इतक्या वर्षांनी आपण तेच करावं याला अर्थ नाही. यादी महिन्यातून एकदा तरी कोणीतरी बघायला हवी, आणि अडवलेल्या मेसेजची सूचना "हे चालत नाही" एवढीच आहे, ती बदला, काय चालत नाही ते तरी लिहा.

व्हॉइस चॅटमधला त्रास अजून तसाच आहे. तिथे रेकॉर्ड नसतं, तक्रार केली की दोन्ही बाजू दोन गोष्टी सांगतात, आणि स्टाफ हात वर करतो. त्यांची अडचण मला कळते. पण गर्दीच्या वेळेला एक मॉड नुसता येऊन बसला तरी फरक पडतो, आणि तेवढं सध्या होत नाही.

चीटिंगबाबत मात्र लोकांची एक मागणी मला पटत नाही, की अँटीचीटने (चीटिंग पकडणाऱ्या प्रोग्रॅमने) कसं पकडलं तेही सगळं सांगा. ते सांगितलं तर पुढचा माणूस त्यातून वाट काढणार. स्टाफ म्हणतो काय केलंस ते सांगू, कसं पकडलं ते नाही सांगणार, आणि मला ही रेघ बरोबर वाटते, फक्त मग अपील बघणाऱ्याने खरंच बोगद्यात जाऊन बघायला हवं, माझ्या मित्राच्या वेळी झालं तसं परत नको. बॅन झालेल्यांची नावं जाहीर करत नाहीत, महिन्याला किती बॅन, किती अपीलं, किती फिरवली एवढे आकडे टाकतात, तेही योग्यच. नावं टाकली की चॅटमधे त्या माणसाची जत्रा होते.

मॉड सगळे फुकट काम करतात हे विसरून चालणार नाही. शाळा, कॉलेज, नोकरी सांभाळून रोज रात्री लोकांची भांडणं वाचायची, त्यात शिव्या खायच्या. दोघी चांगल्या मॉड मधे सोडून गेल्या आणि त्यांची दमणूक आधीच दिसत होती, उत्तरं तुटक यायला लागली होती. आता सुट्टी घ्यायची पद्धत केलीये म्हणतात, पण माणसं कमीच आहेत, शनिवार-रविवारी तिकिटं साचतात आणि सोमवारी उत्तर येतं. उशीर होणार असेल तर "पोचलं, उद्या बघतो" एवढा मेसेज आला तरी चालेल, सध्या तोही येत नाही.

आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे स्टाफविरुद्धची तक्रार मालकाकडे जाते, पण मालकाविरुद्धची तक्रारही मालकाकडेच जाते. ईव्ह ऑनलाइन या गेममधे २००८ पासून खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आहे, काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, ते कंपनीसमोर खेळाडूंचं म्हणणं मांडतं. आपला सर्व्हर केवढा, ते केवढे, तेवढं सगळं नकोच. पण जुन्या खेळाडूंपैकी दोघंतिघं, ज्यांच्याकडे कुठलीही स्टाफ परवानगी नाही, त्यांना अपिलाच्या निकालाची कारणं नावं झाकून वाचायला द्यावीत आणि पटलं नाही तर त्यांनी तसं उघड लिहावं, एवढं करता येईल. ही सूचना मी तिकिटात टाकलीये. उत्तर आलंय की आत्ता लगेच नाही, कारण नावं झाकूनही छोट्या सर्व्हरवर कोण कुठला ते ओळखू येतं, ते कसं टाळायचं हे ठरलं की पुढच्या सीझनच्या घोषणेत कळवू. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो बरोबर आहे.

पाचपैकी चार. नवीन येणाऱ्यांनी नियमांच्या चॅनेलमधला लॉगवाला भाग आणि अपीलवाला भाग आधी वाचा, दोन्ही छोटे आहेत. आणि काही झालं तर जनरल चॅटमधे न बोलता सरळ तिकीट टाका, जागेचे कोऑर्डिनेट्स आणि साधारण वेळ लिहून, म्हणजे मॉडला लॉगमधे शोधायला सोपं जातं.